वाढीव मिनिटे कशी पाहावीत: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विस्तारित आवृत्त्यांसाठी मार्गदर्शन

टॉल्किन यांच्या कादंबरीवरून पीटर जॅक्सन यांनी केलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचे तीन भाग २००१, २००२ आणि २००३ या वर्षांच्या डिसेंबर महिन्यात चित्रपटगृहांत आले, तेव्हा त्यांची लांबी अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटे होती. पुढे घरी पाहण्यासाठी ज्या विस्तारित आवृत्त्या निघाल्या, त्यांत ती सुमारे २०८, २२३ आणि २५१ मिनिटे झाली. मूळच्याच सव्वानऊ तासांच्या कथेत आणखी दोन तासांची भर पडली, आणि तरीही या आवृत्त्यांवर जीव टाकणारे प्रेक्षक जगभर आहेत. हे आकर्षण केवळ ‘आणखी थोडे पाहायला मिळाले’ एवढ्या समाधानाचे असते, तर ते पहिल्या पाहण्यातच ओसरले असते. जी माणसे आपल्याला आधीपासून ठाऊक आहेत त्यांच्याविषयीचे आपले मत जी वाढीव मिनिटे बदलतात, तीच मोलाची होत, असे माझे मत आहे. बाकीची मिनिटे चांगली असली तरी ती निव्वळ लांबी वाढवतात. ही दोन प्रकारची मिनिटे ओळखून या आवृत्त्यांचा पूर्ण आनंद कसा घ्यावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यात कथेतील घटनांचा उल्लेख मोकळेपणाने केला आहे, म्हणून ज्यांनी ही त्रयी अजिबात पाहिलेली नाही त्यांनी तूर्त पुढचे दोन विभाग वाचून थांबावे.

आपल्यापुढे कोणती आवृत्ती आहे, हे आधी पाहावे

चित्रपटाचे नाव तेच आणि भित्तिपत्रकही बहुधा सारखेच असल्यामुळे, आपण विस्तारित आवृत्ती पाहत आहोत अशा समजुतीत चित्रपटगृहातील आवृत्ती पाहून झाली असे होऊ शकते. सर्वांत सोपी खूण म्हणजे लांबी. परंतु लांबीचे आकडेही दोन कारणांनी फसवतात. पहिले कारण असे की विस्तारित आवृत्त्यांच्या शेवटी, नेहमीच्या श्रेयनामावलीनंतर, अधिकृत चाहता मंडळाच्या सदस्यांची नावे येतात आणि पहिल्या भागात ती जवळजवळ वीस मिनिटे चालतात. त्यामुळे काही ठिकाणी या आवृत्त्यांची लांबी २२८, २३५ आणि २६३ मिनिटे अशी दिलेली आढळते. त्यात आणखी निराळी दृश्ये नसतात. दुसरे कारण जुन्या डीव्हीडींपुरते आहे. भारतात आणि युरोपात प्रचलित असलेल्या दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी दाखवल्या जात, त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के अधिक वेगाने धावे आणि २०८ मिनिटांचा भाग २०० मिनिटांत संपे. अशी डीव्हीडी घरात असेल तर तिच्यातून काही कापले असल्याची शंका घेऊ नये.

आकड्यांवर विसंबायचे नसेल तर दृश्यांवरून ओळखावे. पहिल्या भागात, जिच्याभोवती सारी कथा फिरते त्या जादूच्या अंगठीचा पूर्वेतिहास संपल्यावर झाडाखाली वाचत बसलेला नायक फ्रोडो दिसला, तर ती चित्रपटगृहातील आवृत्ती. त्याचा वयस्क नातलग बिल्बो आपल्या लिखाणाच्या टेबलाशी बसून हॉबिट या आपल्या बुटबैंगण लोकांविषयी लिहू लागला, तर ती विस्तारित. दुसऱ्या भागात फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम कड्यावरून दोराने खाली उतरतात आणि तो दोर मागाहून आपोआप सुटून त्यांच्या हाती येतो, हे दृश्य सुरुवातीलाच असले पाहिजे. तिसऱ्या भागात इसेनगार्डच्या मनोऱ्यावर दुष्ट जादूगार सारुमान दिसला की निश्चिंत व्हावे, कारण चित्रपटगृहात आलेल्या तिसऱ्या भागात तो अजिबात नव्हता.

घरी संग्रही ठेवण्यासाठी घ्यावयाचे असेल, तर २०११ मध्ये निघालेल्या ब्लू-रे संचापेक्षा २०२० मधील फोर-के संच मी निवडेन. ब्लू-रेमधील पहिल्या भागाच्या चित्रावर हिरवट छटा आली होती आणि त्यावर प्रेक्षकांनी बरीच तक्रार केली होती; फोर-के संचासाठी तिन्ही भागांचे रंग नव्याने सारखे केले गेले आणि त्यात दोन्ही आवृत्त्या उपलब्ध झाल्या.

नव्या प्रेक्षकाने कोठून सुरुवात करावी

या प्रश्नावर चाहत्यांत दोन तट आहेत. थेट विस्तारित आवृत्तीच पाहावी असे एका तटाचे म्हणणे असते, तर आधी चित्रपटगृहातील आवृत्ती आणि मग दुसरी असा क्रम दुसरा तट सांगतो. त्रयीकडे एकसंध म्हणून न पाहता प्रत्येक भागासाठी वेगळा निर्णय घ्यावा, असे मी सुचवेन.

पहिला भाग नव्या प्रेक्षकालाही विस्तारित स्वरूपात दाखवण्यास हरकत नाही, कारण त्यातील भर हळुवार आहे आणि ती कथेचा तोल बिघडवत नाही. दुसरा भाग तर विस्तारितच पाहावा; त्याची चित्रपटगृहातील आवृत्ती फॅरामिर या पात्रावर अन्याय करते, तो कसा ते पुढे सांगितले आहे. तिसरा भाग मात्र पहिल्यांदा पाहताना चित्रपटगृहातील आवृत्तीतच पाहावा. त्याच्या विस्तारित आवृत्तीत मोठ्या लढाईतील एक महत्त्वाचे आश्चर्य आधीच उघड होते, आणि असे आश्चर्य आयुष्यात एकदाच अनुभवता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लांब आवृत्ती म्हणजे दिग्दर्शकाची खरी आवृत्ती, असे पुष्कळ जण धरून चालतात. काही चित्रपटांच्या बाबतीत ते खरे आहे. रिडली स्कॉट यांचा १९८५ मधील ‘लेजंड’ हा अद्भुतरम्य चित्रपट अमेरिकेत दाखवताना सुमारे ८९ मिनिटांवर आणला गेला आणि जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत काढून त्या जागी टँजरीन ड्रीम या गटाचे संगीत घातले गेले. २००२ मध्ये निघालेल्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीने ते संगीत आणि वीसहून अधिक मिनिटे परत आणली, म्हणून तेथे लांब आवृत्ती हीच मूळ कृतीच्या जवळची आहे. याच्या अगदी उलट उदाहरण डेव्हिड लिंच यांच्या १९८४ मधील ‘ड्यून’चे. तो चित्रपट दूरचित्रवाणीसाठी लांबवला गेला तेव्हा लिंच यांनी दिग्दर्शक म्हणून त्यावरून आपले नाव काढून घेतले. जॅक्सन यांची त्रयी या दोहोंत बसत नाही. चित्रपटगृहातील आवृत्त्या त्यांनी स्वतःच्या मर्जीने पूर्ण केल्या होत्या आणि पुढेही त्यांनाच प्रमाण मानले. विस्तारित आवृत्त्या त्यांनी ज्यांना त्या जगात अधिक काळ राहायचे आहे अशांसाठी केल्या. म्हणून दोन्ही आवृत्त्या खऱ्याच आहेत.

आपल्याकडे संगीत नाटकाचा रसिक कथा पाठ असूनही नाट्यगृहात जात असे आणि आवडत्या पदाला ‘वन्समोअर’ देऊन प्रयोग लांबवत असे. पुढे काय होणार ही त्याची उत्सुकता नसे, ते कसे होते हे पुन्हा आणि सावकाश अनुभवण्याची त्याला ओढ असे. विस्तारित आवृत्ती पाहण्यास बसताना आपली मनःस्थिती तशी असावी. कथा पुढे सरकत नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्याने ती दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी.

पहिला भाग: निरोपाची चाहूल

पहिल्या भागाचे संकलन चित्रपटगृहासाठी करताना एक नियम पाळलेला दिसतो: फ्रोडो आणि अंगठी यांच्यापासून दूर नेणारे जे जे असेल ते वगळावे. तो नियम योग्यच होता, आणि त्यामुळेच जे वगळले गेले ते सुंदर होते. विस्तारित आवृत्तीत त्यातील तीन ठिकाणांकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिले ठिकाण शायर या हॉबिट लोकांच्या प्रदेशातील प्रवासाचे आहे. रात्री रानातून जाताना फ्रोडो आणि सॅम यांना गाणे ऐकू येते, आणि झाडांआडून ते पाहतात तो एल्फ या अमर लोकांचा जथा पश्चिमेच्या बंदराकडे, हे जग कायमचे सोडण्यासाठी निघालेला असतो. ते पाहून आपल्याला का कोण जाणे वाईट वाटते, असे सॅम म्हणतो. हे दृश्य अगदी लहान आहे. पण त्रयीचा शेवट ज्या बंदरावर होतो त्याची पहिली चाहूल येथे लागते, आणि शेवटी सॅम ज्याला निरोप देतो तो कोण असेल याची त्याला येथे कल्पनाही नसते. तिसरा भाग पाहून झालेल्या प्रेक्षकाला हे दृश्य जेवढे लागते तेवढे नवख्याला लागणार नाही.

दुसरे ठिकाण त्यानंतरच्या एका रात्रीचे. फ्रोडोला जाग येते आणि पहाऱ्यावर बसलेला, राज्याचा वारस असलेला अ‍ॅरागॉर्न हळू आवाजात गात असतो. ती कोण, असे फ्रोडो विचारतो. मर्त्य माणसावर प्रेम करणाऱ्या लूथिएन या एल्फकन्येचे ते गाणे आहे, असे अ‍ॅरागॉर्न सांगतो. तिचे पुढे काय झाले, या प्रश्नावर त्याचे उत्तर एवढेच असते की ती मेली. या वेळी त्याची एल्फ प्रेयसी आर्वेन अजून पडद्यावर आलेलीही नसते. पुढे रिव्हेंडेल या एल्फ लोकांच्या वस्तीत ती त्याच्यासाठी अमरत्व सोडण्याचे वचन देते, तेव्हा चित्रपटगृहातील प्रेक्षकाला त्यात प्रेम दिसते आणि विस्तारित आवृत्तीच्या प्रेक्षकाला अ‍ॅरागॉर्नच्या मनातील भीतीही दिसते. रिव्हेंडेलमध्ये आपल्या आईच्या समाधीपाशी तो गुडघे टेकून तेथील पाचोळा दूर करतो, तेही दृश्य याच आवृत्तीत आहे. राज्य नको म्हणणारा हा माणूस नेमका कशाला भितो, ते या दोन दृश्यांनी समजते.

तिसरे ठिकाण लॉथलॉरिएन या एल्फ लोकांच्या वनातील निरोपाचे, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण पहिल्या भागातील ही सर्वांत मोलाची भर आहे. चित्रपटगृहातील आवृत्तीत तेथील स्वामिनी गलाड्रिएल फ्रोडोला प्रकाशाची कुपी देते. विस्तारित आवृत्तीत ती प्रत्येकाला काहीतरी देते. फ्रोडोच्या साथीदारांपैकी एल्फ लेगोलसला धनुष्य मिळते, मेरी आणि पिपिन या हॉबिटांना खंजीर मिळतात, सॅमला दोर मिळतो. बुटक्यांच्या जमातीतील गिम्लीला मात्र काही नको असते. फार आग्रह झाल्यावर तो संकोचत काहीतरी मागतो, आणि ते काय होते हे आपल्याला नंतर नावेत बसल्यावर, त्याने लेगोलसला सांगितल्यावर कळते: त्याने तिच्या केसांतील एक केस मागितला होता आणि तिने तीन दिले. लेगोलस यावर काही बोलत नाही, तो नुसता हसतो. टॉल्किन यांच्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या ग्रंथात अशी कथा आहे की फेआनोर या थोर एल्फ कारागिराने हेच मागणे तिच्याकडे तीनदा केले आणि तिने तिन्ही वेळा नकार दिला. चित्रपट ही कथा सांगत नाही. ज्याला ती ठाऊक आहे त्याला लेगोलसच्या हसण्याचा अर्थ लागतो. ज्याला ठाऊक नाही त्यालाही एवढे समजते की एल्फ लोकांविषयी मनात अढी बाळगून त्या वनात शिरलेला हा बुटका तेथून निराळाच होऊन बाहेर पडला आहे. पुढच्या दोन भागांतील या दोघांची मैत्री येथून सुरू होते, आणि दुसऱ्या भागाच्या आरंभी कड्यावर उपयोगी पडणारा दोरही येथलाच.

दुसरा भाग: एका भावाचा न्याय

दुसऱ्या भागातील भर सर्वांत अधिक अर्थपूर्ण आहे, आणि तिचे केंद्र फॅरामिर आहे. चित्रपटगृहातील आवृत्तीत तो अचानक येतो, फ्रोडो आणि सॅम यांना कैद करतो, अंगठी आपल्या गोंडोर राज्यात नेण्याचे ठरवतो, आणि शेवटी तितक्याच अचानक त्यांना सोडून देतो. असे वागण्याचे कारण प्रेक्षकाला फारसे दिसत नाही. कादंबरीचे वाचक तर त्याच्यावर फार रागावले होते, कारण पुस्तकातील फॅरामिर अंगठीच्या मोहाला बळी पडत नाही.

विस्तारित आवृत्तीत फॅरामिरच्या आठवणीतून ऑस्गिलियथ हे शहर परत जिंकल्याचा दिवस येतो. त्याचा थोरला भाऊ बोरोमिर सैनिकांपुढे विजयाचे भाषण करतो, भावाला मिठी मारतो, दोघे मद्य पितात, आणि तेवढ्यात त्यांचा पिता डेनेथॉर येतो. त्याला एकच पुत्र दिसतो. फॅरामिरला तो सर्वांसमोर हिणवतो, रिव्हेंडेलच्या सभेला बोरोमिरने जावे आणि ती अंगठी आपल्याकडे आणावी असे बजावतो, आणि त्याऐवजी मी जातो असे फॅरामिर म्हणतो तेव्हा त्याला झिडकारतो. बोरोमिरला जायचे नसते. काही मिनिटांचा हा प्रसंग तीन माणसांचा अर्थ बदलतो. पहिल्या भागात अंगठीसाठी फ्रोडोवर झडप घालणारा बोरोमिर आता लोभी वाटत नाही. बापाने त्याच्यावर लादलेले ते ओझे होते. फॅरामिरला अंगठी का हवी आहे ते कळते, आणि म्हणूनच ती सोडून देण्याची किंमतही कळते. तिसऱ्या भागात गोंडोरच्या राजधानीत, मिनास तिरिथला, पोहोचल्यावर भेटणारा डेनेथॉर आपल्या ओळखीचा झालेला असतो. हा प्रसंग पाहिल्यानंतर त्याच संध्याकाळी पहिल्या भागातील बोरोमिरच्या मृत्यूचे दृश्य पुन्हा पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

रोहान राज्यात राजपुत्र थेओड्रेडचा अंत्यविधी होतो आणि राजाची भाची एओविन जुन्या इंग्रजी भाषेत शोकगीत गाते. ते गाताना तिचा चेहरा आणि मागे उभ्या असलेल्या स्त्रिया पाहाव्यात. चित्रपटगृहातील आवृत्तीत राजा थेओडेन पुत्राच्या थडग्यापाशी रडतो तेथे आपण थेट पोहोचतो. येथे ते दुःख आधी सगळ्या राज्याचे होते, आणि मग एकट्या बापाचे. याच भागात एओविन अ‍ॅरागॉर्नला स्वतः रांधलेले कालवण देते. ते घशाखाली उतरण्यासारखे नसते, तो मात्र निमूटपणे खातो, आणि बोलता बोलता त्याचे वय सत्त्याऐंशी असल्याचे तिला कळते. विनोद म्हणून हा प्रसंग छान आहेच, शिवाय हा माणूस सामान्य वंशातील नाही हे कोणत्याही भाषणाशिवाय त्यातून सांगितले जाते.

मेरी आणि पिपिन झाडांच्या प्रदेशात पाणी पिऊन उंच होतात, तो भाग मुलांना आवडेल. तो नसता तरी फारसे बिघडले नसते. लढाईनंतर लेगोलस आणि गिम्ली यांच्या, कोणी किती शत्रू मारले या मोजणीचा निकाल मात्र चुकवू नये, कारण खेळ सुरू करून त्याचा निकाल न सांगणे ही चित्रपटगृहातील आवृत्तीतील उणीव होती.

तिसरा भाग: भर घालण्याचे फायदे आणि तोटे

तिसऱ्या भागाने चित्रपटगृहातील आवृत्तीच्या बळावर अकरा ऑस्कर मिळवले, आणि पुरस्कार मिळून गेल्यानंतरही २००४ मध्ये विस्तारित आवृत्तीसाठी मृतांच्या मार्गावर कोसळणाऱ्या कवट्यांचे चित्रण चालूच होते. इतके कष्ट घेऊनही या भागातील भर सर्वांत विषम आहे. म्हणून तो अधिक चिकित्सकपणे पाहावा.

सारुमानचा शेवट परत आला, हे उत्तमच झाले. तो प्रसंग मुळात दुसऱ्या भागाच्या अखेरीस यावयाचा होता. तेथे तो रेंगाळू लागल्यामुळे तिसऱ्याच्या आरंभी नेला गेला, आणि तेथे तो आदल्या वर्षीच्या चित्रपटाची आवराआवर केल्यासारखा वाटल्यामुळे काढला गेला. ही भूमिका करणारे क्रिस्टोफर ली त्यामुळे फार दुखावले होते. दोन चित्रपट ज्याच्याशी झुंजण्यात गेले त्या खलनायकाचा शेवट न दाखवणे मलाही पटलेले नाही, जरी तो प्रसंग थोडा लांबला आहे हे मान्य करावे लागते.

लहान दृश्यांपैकी दोन अजिबात चुकवू नयेत. मिनास तिरिथमध्ये पिपिनला पहारेकऱ्याचा जो पोशाख मिळतो तो लहानपणी आपलाच होता, असे फॅरामिर त्याला सांगतो. बापाने झिडकारलेला हा सेनापती एका परक्या पोराशी किती मायेने बोलतो, ते ऐकावे. आणि मोर्डोर या शत्रूच्या प्रदेशाच्या वाटेवरील चौफुलीवर एका प्राचीन राजाच्या पुतळ्याचे तुटून पडलेले मस्तक आहे. त्यावर उगवलेल्या फुलांवर क्षणभर ऊन पडते, आणि राजाला पुन्हा मुकुट मिळाला, असे सॅम म्हणतो.

एओविन आणि फॅरामिर यांच्या भेटीचे रुग्णालयातील दृश्य अगदी आटोपशीर आहे, तरी ते नसेल तर राज्याभिषेकाच्या वेळी एओविन आणि फॅरामिर एकमेकांशेजारी का उभे आहेत हे कळण्यास मार्ग नाही. हे दृश्य आणखी दोन मिनिटांनी मोठे असते तर मला अधिक आवडले असते.

मोर्डोरच्या काळ्या दरवाजापाशी मुख्य शत्रू सॉरॉनचा दूत बाहेर येतो आणि फ्रोडोचा मिथ्रिल या दुर्मीळ धातूचा अंगरखा अ‍ॅरागॉर्न व त्याच्या साथीदारांपुढे फेकतो, हे दृश्य सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे आहे. चित्रपटगृहातील आवृत्तीत अ‍ॅरागॉर्न फ्रोडोचे नाव घेऊन शत्रूवर चालून जातो तेव्हा त्याचा हेतू शत्रूचे लक्ष वेधून फ्रोडोला वेळ मिळवून देण्याचा असतो. विस्तारित आवृत्तीत त्यांना फ्रोडो जिवंत नसल्याचा पुरावा दाखवला गेलेला असतो, आणि तरीही ते जातात. एकच वाक्य, एकच चाल, पण आता ती निराशेच्या पलीकडची झालेली असते. दूताचे मस्तक उडवणे मात्र अ‍ॅरागॉर्नला शोभत नाही. दूताला मारू नये हा संकेत त्यालाही बंधनकारक असावयास हवा होता.

आता तोटे. मृतांचे सैन्य घेऊन अ‍ॅरागॉर्न समुद्री चाच्यांच्या जहाजांना अडवतो, हे दृश्य विस्तारित आवृत्तीत आधी येते. परिणामी काळ्या शिडांची जहाजे लढाईच्या ऐन मध्यावर येतात तेव्हा त्यांतून कोण उतरणार याची धाकधूक उरत नाही. दुसरा तोटा याहून गंभीर आहे. भग्न तटबंदीत सॉरॉनच्या अंगठीदासांचा राजा जादूगार गॅन्डाल्फसमोर येतो आणि त्याची काठी मोडून टाकतो. मृत्यूहून परतलेल्या आणि अधिकार वाढलेल्या गॅन्डाल्फची ही अवस्था कथेच्या तर्कात बसत नाही, आणि पुढच्या दृश्यांत तिचा काही परिणामही दिसत नाही. काही चाहते या दृश्याचे समर्थन करतात. मला ते मान्य नाही. पुन्हा पाहताना मी हा तुकडा वगळून पुढे जातो आणि इतरांनीही तसे करण्यास हरकत नाही.

बैठकीची व्यवस्था

तिन्ही भाग सलग पाहण्यास, नावांची लांबलचक यादी सोडून, साडेअकरा तासांच्या आसपास लागतात. एका दिवसात ते उरकण्याची टूम लोकप्रिय आहे, परंतु ज्या हळुवार मिनिटांसाठी ही आवृत्ती पाहावयाची तीच थकलेल्या डोळ्यांपुढून निसटतात. लागोपाठच्या तीन सुट्ट्यांना एकेक भाग पाहावा. मध्यंतराची आपल्याला सवय आहेच आणि या आवृत्त्यांत ते सोयीने घेता येते, कारण डीव्हीडी आणि ब्लू-रेवर प्रत्येक भाग दोन तबकड्यांत विभागलेला आहे. पहिल्या भागाची पहिली तबकडी एलरॉन्डच्या सभेनंतर संपते आणि ती जागा अचूक आहे. अखंड प्रतीवर पाहत असल्यास दुसऱ्या भागात रोहानची प्रजा एडोरास सोडून निघते तेथे, आणि तिसऱ्या भागात डेनेथॉरपुढे पिपिनचे गाणे संपते तेथे थांबावे. या गाण्यानंतर लगेच बोलणे सुरू झालेले चांगले वाटत नाही, म्हणून ते आणखी योग्य.

दूरचित्रवाणी संचावर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर ती बंद करावी, नाहीतर चित्रपट दूरचित्रवाणीवरील मालिकेसारखा दिसू लागतो. चित्राची चौकट रुंद असल्यामुळे वर आणि खाली काळ्या पट्ट्या राहतील. त्या घालवण्यासाठी चित्र मोठे करू नये, कारण मग दोन्ही बाजूंचे चित्र कापले जाते. एल्फ भाषेतील संवादांची उपशीर्षके दिसत आहेत की नाहीत याची खात्री सुरुवातीलाच करावी. घरात लहान मुले असतील तर तिसऱ्या भागातील सारुमानचा मृत्यू आणि दूताचा शिरच्छेद ही दोन वाढीव दृश्ये आधी स्वतः पाहून मग ठरवावे.

संगीताकडेही कान द्यावा. वाढवलेल्या दृश्यांखाली जुनेच तुकडे ताणून बसवण्याऐवजी संगीतकार हॉवर्ड शोर यांनी त्यांच्यासाठी नवे संगीत रचले आणि ध्वनिमुद्रित केले. नवी दृश्ये जोडलेली वाटत नाहीत, याचे मोठे श्रेय त्याला आहे.

पाहून झाल्यानंतर

प्रत्येक विस्तारित आवृत्तीबरोबर चित्रपट चालू असताना ऐकावयाची चार निरनिराळी भाष्ये आहेत: दिग्दर्शक आणि लेखिकांचे, रचनाकारांचे, निर्मिती आणि त्यानंतरच्या कामातील मंडळींचे, आणि कलाकारांचे. आधी पहिले ऐकावे, कारण कोणते दृश्य का काढले आणि का परत घातले याची चर्चा त्यात जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बोयेन्स स्वतः करतात. कलाकारांचे भाष्य गमतीचे आहे. चित्रीकरणाच्या आणि रचनेच्या माहितीपटांना मूळ डीव्हीडी संचांत प्रत्येक भागामागे दोन स्वतंत्र तबकड्या दिलेल्या आहेत. चित्रपट कसा घडतो हे शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या महिनाभर पुरतील.

यानंतर काही आठवड्यांनी चित्रपटगृहातील आवृत्ती पुन्हा पाहावी. विस्तारित आवृत्तीत आवडलेले एखादे दृश्य आता नाही, आणि त्याच्या नसण्याने शेजारची दोन दृश्ये कशी जवळ आली, हे दिसू लागते. संकलन म्हणजे काय ते मला यातून जेवढे उमगले तेवढे एखाद्या पाठ्यपुस्तकातून उमगले नसते. भारतीय उदाहरणावर हाच अभ्यास उलट दिशेने करता येतो. २०१५ आणि २०१७ मधील ‘बाहुबली’चे दोन भाग २०२५ मध्ये ‘बाहुबली: द एपिक’ या नावाने सुमारे पावणेचार तासांच्या एका चित्रपटात एकत्र आणले गेले; तेथे काय गाळले आणि त्याने कथेचा वेग कसा बदलला, हे मूळ भागांशी ताडून पाहावे.

जॅक्सन यांच्याच ‘द हॉबिट’ या त्रयीच्याही विस्तारित आवृत्त्या आहेत, परंतु त्यांसाठी एवढा वेळ राखून ठेवण्याचे कारण नाही. एका लहान पुस्तकावरून तीन चित्रपट आधीच ताणलेले असल्यामुळे त्यांत आणखी भर घालण्यास फारशी जागा नव्हती. दुसऱ्या भागात थोरिनचा पिता थ्रेन दिसतो आणि तिसऱ्यात थोरिनचा अंत्यविधी येतो. ज्यांना ती पात्रे प्रिय आहेत त्यांनी एवढी दोन ठिकाणे विस्तारित आवृत्तीत पाहावीत आणि बाकी चित्रपटगृहातील आवृत्तीवर समाधान मानावे.